कॉलेजने परत केलेली फी कायद्याने कोणाची? भरणाऱ्या पालकाची की विद्यार्थ्याची?

कृष्णाकाठ
कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेऱ्या सुरू झाल्या की सातारा-सांगलीकडे हा विषय दरवर्षी निघतो. कराडला प्रवेश घेऊन ठेवलेला असतो, पुढच्या फेरीत सांगलीला नाहीतर पुण्याला नंबर लागतो, पहिला प्रवेश रद्द होतो आणि फी परत यायची असते. किती परत मिळते यावर पुष्कळ बोललं जातं. मला दुसराच मुद्दा घ्यायचा आहे. परत आलेले पैसे कायद्याने कोणाचे?

चर्चेसाठी एक उदाहरण धरू. वडिलांनी स्वतःच्या बचत खात्यातून ९६,००० रुपये एनईएफटीने भरले. पावती मुलीच्या नावाची. प्रवेशाच्या दिवशी मुलगी सतरा वर्षं अकरा महिन्यांची, रद्द करताना अठरा पूर्ण. कॉलेजने मुलीच्या नावाचा अकाउंट पेयी चेक काढला. आता कॉलेजकडे पैसे मागायचा हक्क कोणाचा होता? चेक तिच्या खात्यात जमा झाला की रक्कम तिची झाली का? आणि दोघांचं पटलं नाही तर?

आपल्याकडे बाप-लेक असं भांडत नाहीत, हे मान्य. पण आईवडील वेगळे राहत असतील, फी मामाने किंवा चुलत्याने भरली असेल, किंवा भरणारा माणूसच मधल्या काळात गेला, तर हा प्रश्न फार खरा होतो.

तासगावकर
ज्याचा पैसा त्याचा. बेदाणा विकून आलेल्या पट्टीतून बापाने फी भरली, परत आली तर बापाचीच. यात कायद्याचा कीस कशाला पाडायचा?

कोर्टरस्ता_मिरज
तासगावकर, मनाला पटतं ते तुम्ही बोललात, पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. इथे दोन नाती आहेत, ती आधी वेगळी करा.

पहिलं नातं कॉलेजशी. प्रवेश हा करार आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ प्रमाणे करार सज्ञान माणसालाच करता येतो आणि सज्ञानतेचं वय १८७५ च्या कायद्याने १८. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, माणसाने केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं न्यायालय) १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीच्या सहीने करार उभा राहत नाही. पालकाने अर्जावर सही करून फीची जबाबदारी घेतलेली असते, कराराला आधार पालकाच्या त्या सहीचाच. अठरा पूर्ण झाल्यावर मुलीने स्वतः सह्या केल्या असतील तर मात्र ती थेट पक्षकार.

पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८ च्या परताव्याच्या नियमांची सगळी मांडणी विद्यार्थ्याला धरून आहे. पैसे कोणाच्या खात्यातून आले हे त्यात विचारात घेतलेलं नाही. त्यामुळे वेगळी लेखी सूचना नसताना कॉलेजने विद्यार्थ्याच्या नावाने चेक दिला, तर कॉलेज आपल्या जबाबदारीतून सहसा सुटतं. नंतर वडील येऊन 'माझे मला द्या' म्हणाले तर दुसऱ्यांदा द्यायला ते बांधील नाही.

दुसरं नातं बाप-लेकीचं. कॉलेज कोणाला पैसे देऊन मोकळं झालं यावरून त्या दोघांत मालकी ठरत नाही. खात्यावरचं नाव पैसे कुठे आहेत ते सांगतं, कोणाचे आहेत ते नाही.

वारणेचा_वाघ
पण वडिलांनी फी भरली तेव्हाच ती मुलीला बक्षीस दिली असं होत नाही का? बक्षीस परत मागता येत नाही.

कोर्टरस्ता_मिरज
चांगला प्रश्न. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२२ प्रमाणे बक्षीस म्हणजे अस्तित्वात असलेली मालमत्ता स्वखुशीने, मोबदल्याशिवाय दिली आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली. कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचं बक्षीस ताबा देऊन पुरं होतं. आता ९६,००० रुपयांचा ताबा मुलीकडे कधी गेला? रक्कम वडिलांच्या खात्यातून थेट कॉलेजच्या खात्यात गेली. मुलीला मिळालं ते शिक्षण, किंवा शिक्षणाची जागा. रोख रकमेचं बक्षीस झालंच नाही. ठराविक कारणासाठी दिलेले पैसे होते, ते कारण उरलं नाही, म्हणून पैसे मूळ देणाऱ्याकडे फिरतात. वडिलांची बाजू मांडायची तर ती अशी.

मुलीचीही बाजू आहे, आणि ती कच्ची नाही. वडिलांनी फी भरली ती परत घ्यायच्या बोलीवर नव्हे. करार कायद्याच्या कलम ७० खाली दुसऱ्यासाठी केलेल्या खर्चाची भरपाई मागता येते, पण तो खर्च फुकट करायचा हेतू नसेल तरच. बापाने लेकीची फी भरणं हा खर्च फुकट करायचाच असतो, असं कोर्ट सहज धरेल.

म्हणून निकाल हेतूवर येतो. हेतू कागदावर नसेल तर तो वागण्यातून शोधावा लागतो: अर्जावर सही कोणाची, परताव्यासाठी खातं कोणाचं दिलं, पैसे आल्यावर पुढच्या कॉलेजची फी त्यातूनच भरली का, आयकरात वजावट कोणी घेतली.

माणदेशी
'बापाने भरले म्हणजे बापाचे' आणि 'दिलं ते दिलं', दोन्ही अर्धवट निघालं म्हणायचं.

सूर्यतारा
इथे जानेवारी २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगायला हवा. खूप वर्षं वेगळे राहणारे नवरा-बायको, मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती. वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी ४३ लाख रुपये दिले. मुलीने स्वाभिमानापोटी ते नाकारले, वडिलांना परत घ्या म्हणाली, वडिलांनी घेतले नाहीत. न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे, आईवडिलांना त्यांच्या ऐपतीत राहून तो द्यायला लावताही येतो, आणि ही रक्कम ठेवून घ्यायला ती हक्कदार आहे.

कोर्टरस्ता_मिरज
सूर्यतारा, तो निकाल या चर्चेत हवाच होता. पण एक फरक बघा. तिथे पैसे मुलीच्या हाती पोचले होते आणि वडील परत मागत नव्हते. कृष्णाकाठ यांच्या उदाहरणात पैसे कॉलेजकडून फिरून आलेत. तरी त्या निकालाचा जोर मुलीच्या बाजूला पडतो हे खरं. विशेषतः वडील तिचं पुढचं शिक्षण न करता पैसे काढून घेऊ बघत असतील तर.

हिंदू दत्तक व पोषण कायदा १९५६ च्या व्याख्येत पोषणामध्ये शिक्षण धरलेलं आहे. कलम २० प्रमाणे अज्ञान मुलांचं आणि स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचं पोषण आईवडिलांवर. मुलगा सज्ञान झाला की या कलमाखालचा त्याचा हक्क संपतो. त्यामुळे उदाहरणात मुलीऐवजी एकोणीस वर्षांचा मुलगा असता तर मुद्दा थोडा वडिलांकडे झुकला असता.

तासगावकर
मुलगा-मुलगी असा फरक असेल हे डोक्यात नव्हतं. माझं वरचं वाक्य अपुरं होतं.

लेजरबुक
कायद्याचं झालं. आता कॉलेजच्या लेखा विभागात काय होतं ते लिहितो, कारण निम्मे वाद तिथे जन्मतात.

प्रवेश रद्दचा अर्ज आला की पहिल्यांदा तारीख बघतात. कॅपचा प्रवेश असेल तर सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करावा लागतो आणि प्रिंटवर सही करून ती कॉलेजला द्यावी लागते. ऑनलाइन विनंती गेली त्याच क्षणी प्रवेश रद्द समजला जातो, म्हणून पुढची जागा पक्की झाल्याशिवाय ते बटण दाबू नये. त्यानंतर मूळ पावती, रद्द चेक किंवा पासबुकचं पहिलं पान आणि परताव्याचा अर्ज.

परतावा दोन रस्त्यांनी जातो. फी पेमेंट गेटवेतून भरली असेल तर बऱ्याचदा रक्कम ज्या कार्डातून किंवा खात्यातून आली तिथेच आपोआप फिरते. मामाच्या क्रेडिट कार्डावरून भरली तर मामाच्याच कार्डावर जमा होणार. त्या कार्डावर फीचा ईएमआय करून घेतला असेल तर परतावा आला म्हणून ईएमआय आपोआप बंद होत नाही, बँकेला वेगळं कळवावं लागतं. फी एनईएफटी, डीडी किंवा रोख भरली असेल तर कॉलेज अर्जात दिलेल्या खात्यावर पाठवतं. खातं दिलंच नाही तर विद्यार्थ्याच्या नावाचा चेक, कारण वहीत नाव विद्यार्थ्याचं असतं.

डीडी अजून बँकेत टाकला नसेल तर तो तसाच परत मागा. ज्याने काढला त्याने आपल्या बँकेत रद्द करून घेतला की पैसे त्याच्याच खात्यात येतात आणि मालकीचा प्रश्न उरत नाही.

अडतं ते नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि खाली आईचं. आधारवर आणि बँकेत स्वतःचं नाव आधी. कॉलेज चेक काढतं गुणपत्रिकेप्रमाणे. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर बँक चेक परत पाठवते, मग नवीन चेकला अर्ज, पुन्हा प्राचार्यांची सही, पुन्हा आठ-दहा दिवस. म्हणून अर्जात 'बँकेतील नावाप्रमाणे' असं लिहून पासबुकची प्रत जोडावी.

गोडोली_सातारा
वडिलांच्या खात्यावर हवे असतील तर कॉलेज देतं का?

लेजरबुक
देतं, विद्यार्थ्याच्या सहीचं संमतिपत्र असेल तर. विद्यार्थी सज्ञान असताना नुसत्या वडिलांच्या अर्जावर देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. उलट फक्त विद्यार्थ्याचा अर्ज आला आणि वडिलांनी आधीच लेखी हरकत नोंदवून ठेवली असेल, तर लेखापाल फाइल बाजूला ठेवतो. मग दोघांपैकी कोणालाच मिळत नाही. काही ठिकाणी या संमतीसाठी स्टॅम्पपेपर मागतात. एवढ्याशा संमतीला साधा कागद पुरतो. आग्रहच धरला तर 'कोणत्या नियमाने' ते लेखी विचारावं.

पाच हजारांच्या वरच्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, ते खिशात असू द्या.

निळे_आकाश
अवांतर होईल, पण किती परत मिळते तेही कोणीतरी एकदा नीट लिहा.

लेजरबुक
यूजीसीच्या २०१८ च्या नियमात प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख हा खुंटा. तिच्या १५ दिवस किंवा जास्त आधी रद्द केलं तर १०० टक्के, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत पण ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही इतकीच कपात. शेवटच्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असताना ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५०. तीस दिवसांनंतर शून्य. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत, ती या टक्केवारीत येत नाही.

मधल्या काही वर्षांत यूजीसीने खास सवलत दिली. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० रुपये कपात. असं त्या त्या वर्षीचं परिपत्रक बघावं. इंजिनीअरिंगला एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) आणि सीईटी सेलचे, फार्मसीला सीईटी सेलचे नियम वेगळे चालतात. कॅपच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतिम तारखेनंतर रद्द केलं तर अनामत सोडून काही मिळायची आशा धरू नये.

पूर्ण कोर्सची फी आगाऊ घेतली असेल तर तेही चुकीचं. इस्लामिक अकॅडमी खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वेळी एकाच सत्राची किंवा वर्षाची फी घ्यावी असं म्हटलंय.

वारणेचा_वाघ
मूळ मार्कलिस्ट अडवून ठेवली तर?

लेजरबुक
त्याच २०१८ च्या सूचनेत मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला मनाई आहे. पडताळून लगेच परत द्यायची.

बँकवाली_विटा
शैक्षणिक कर्जाचं कोणी बोललं नाही, तिथे तर मालकीचं उत्तर सरळ आहे. बँकेने फी थेट कॉलेजला पाठवली असेल तर परतावा कर्जखात्यातच आला पाहिजे. मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. सह्या विद्यार्थ्याच्याही असतात आणि सहकर्जदार म्हणून पालकाच्याही. रक्कम बचत खात्यात घेऊन दुसरीकडे वापरली तर व्याज चालू राहतं, आणि नव्या कॉलेजसाठी पुढचा हप्ता मागायला गेलं की शाखा आधी मागच्या परताव्याचा हिशेब मागते. कॉलेज बदलल्याचं पत्र, नवीन कॉलेजचं फी स्ट्रक्चर आणि परताव्याचा पुरावा असं एकत्र नेलं तर काम होतं.

पतसंस्थेतून वडिलांनी वैयक्तिक किंवा सोनेतारण कर्ज काढून फी भरली असेल तर ते वेगळं. ते वडिलांचं देणं. परत आलेल्या फीवर पतसंस्थेचा थेट हक्क लागत नाही.

दुसरं, मुलांच्या खात्याचं. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं अज्ञान खातं असतं, पालक चालवत असतात. मुलगा अठराचा झाला की पालकाचा अधिकार संपतो आणि नव्याने केवायसी, फोटो, नमुना सही होईपर्यंत व्यवहार थांबतात. परतावा नेमका त्या खात्यात येतो आणि अडकतो. वाढदिवस झाल्या झाल्या हे काम उरकून घ्यावं.

माणदेशी
महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) पैशांचं काय? तिथे तर आधी बाप भरतो आणि नंतर सरकार मुलाच्या खात्यात टाकतं.

लेजरबुक
हा मुद्दा मूळ प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम, आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्क. पैसे आधारशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. कॉलेजने फी आधी घेतलेली नसेल तर ती रक्कम कॉलेजला भरायची. पालकाने आधीच पूर्ण फी भरली असेल तर ती घरात राहते.

कायद्याने ही शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची. लाभार्थी म्हणून नाव त्याचं, अर्ज त्याचा, खातं त्याचं. वडिलांनी आधी भरलेल्या फीची ती भरपाई आहे असं घरातला हिशेब म्हणेल, पण सरकारचं देणं विद्यार्थ्याशी आहे. इथे वडिलांची बाजू परताव्यापेक्षा कमजोर.

आणि महत्त्वाचं, प्रवेश रद्द केला तर त्या कॉलेजमधला महाडीबीटीचा अर्ज तसाच ठेवू नका. मागे घ्या किंवा कॉलेजकडून रद्द करून घ्या. नाहीतर नव्या कॉलेजमधून अर्ज भरताना जुना आडवा येतो.

सूर्यतारा
भरणारा माणूसच गेला तर? कृष्णाकाठ यांनी सुरुवातीला विचारलंय.

कोर्टरस्ता_मिरज
तिथे मालकीचं उत्तर फार पैशांचं ठरतं. रक्कम वडिलांची धरली तर ती त्यांच्या मिळकतीत जाते. हिंदू असतील, मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातले वारस: पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई, सगळ्यांना समान. म्हणजे ज्या मुलीच्या शिक्षणासाठी फी भरली तिला त्यातला एक हिस्सा. रक्कम मुलीची धरली तर पूर्ण तिची.

नॉमिनीच्या खात्यावर पैसे आले म्हणून नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा. मृताच्या खात्यावर पाठवलेला परतावा खातं गोठलेलं असेल तर कॉलेजकडे उलट येतो. मग कॉलेज वारसा प्रमाणपत्र मागतं. लहान रकमेसाठी सगळ्या वारसांच्या सह्यांचं ना-हरकत पत्र आणि मृत्यूचा दाखला यावर बहुतेक संस्था मान्य होतात, तोच रस्ता आधी धरावा. घरातल्या सगळ्यांना माझी एवढीच विनंती, की ती रक्कम मुलीच्या पुढच्या फीला लावा आणि तसं त्या पत्रातच लिहा.

गोडोली_सातारा
वेगळ्या राहणाऱ्या आईवडिलांत काय करायचं? फी वडिलांनी भरली, मूल आईजवळ, कॉलेजने आईच्या खात्यावर परत पाठवली.

कोर्टरस्ता_मिरज
पोटगीच्या आदेशात शिक्षणखर्च वडिलांवर टाकला असेल तर भरलेली फी ही त्या आदेशाची पूर्तता. परत आलेला पैसा आईचा नाही, वडिलांनीही काढून घेऊ नये. तो मुलाच्या शिक्षणाखातीच राहिला पाहिजे. आईने पुढच्या कॉलेजच्या पावत्या जपून ठेवाव्यात, वडिलांनी पुढचा हप्ता भरताना परताव्याची रक्कम वजा दाखवावी आणि दोघांनी ते कोर्टात अर्जाद्वारे नोंदवून घ्यावं. नोंद नसेल तर दोन वर्षांनी 'फी भरलीच नाही' आणि 'दोनदा भरली' असे दोन्ही आरोप एकदम होतात.

शिराळा_३२
चुलत्याने भरली तर?

कोर्टरस्ता_मिरज
चुलत्यावर पुतण्याला शिकवायची कायदेशीर जबाबदारी नाही, त्यामुळे पोषणाचा मुद्दा गळतो. उसने दिले की मदत म्हणून दिले एवढाच प्रश्न. व्हॉट्सॲपवर 'दिवाळीनंतर बिल आलं की देतो' असा एक निरोप असला तरी ते उसने ठरायला मदत होते. पण परत मागायचे ते पुतण्याच्या वडिलांकडे, कॉलेजकडे नाही. मुदत तीन वर्षं.

हिशेबी_इस्लामपूर
कराचं थोडक्यात. परत आलेली फी हे उत्पन्न नाही, वडिलांचंही नाही आणि मुलीचंही नाही. जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट कलम ८०सी (एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलम १२३) खाली दीड लाखाच्या एकूण मर्यादेत घेतात. त्याच आर्थिक वर्षात परतावा आला तर उरलेल्या फीचीच वजावट दाखवावी. जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसला पावत्या देताना रद्द झालेल्या प्रवेशाची पावती त्यात जाऊ देऊ नका. विकास निधी, देणगी, वसतिगृह यावर ही वजावट नाही.

वडिलांनी रक्कम सज्ञान मुलीला ठेवू दिली तरी नातेवाइकाने दिलेली भेट म्हणून तिला कर नाही. तिने ती ठेवीत टाकली तर व्याज तिचं उत्पन्न. मूल अज्ञान असेल तर व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवतात.

निळे_आकाश
परदेशी विद्यापीठाचं कोणाला माहीत आहे? आपल्याकडून बरीच मुलं जातात.

बँकवाली_विटा
तिकडे देशागणिक नियम. अमेरिकेत कॉलेजच्या खात्यावर उरलेली रक्कम साधारण विद्यार्थ्याला देतात. पण तिथल्या केंद्र सरकारचं पालकांसाठीचं प्लस कर्ज असेल तर त्यातून उरलेली रक्कम पालकाला मिळते, पालकाने विद्यार्थ्याला द्या असं लिहून दिलं तरच विद्यार्थ्याला. तिथल्या ५२९ नावाच्या शिक्षण बचत योजनेतून फी भरली असेल तर परतावा ६० दिवसांत योजनेत पुन्हा भरला की कर लागत नाही. हे तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी फी भरली असेल तर उपयोगी.

इथून एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली) पाठवलेले पैसे परत आले तर ज्याच्या पॅनवर पाठवले त्याचा हिशेब. न वापरलेलं परकीय चलन १८० दिवसांत परत आणावं लागतं. म्हणून परतावा मुलाच्या तिथल्या खात्यात न घेता पाठवणाऱ्याच्या इथल्या खात्यात मागवणं सोयीचं.

वारणेचा_वाघ
कॉलेजने पैसे द्यायलाच टाळाटाळ केली तर ग्राहक आयोगात जायचं ना? सांगलीत आणि साताऱ्यात दोन्हीकडे जिल्हा आयोग आहे.

कोर्टरस्ता_मिरज
तिथे घाई करू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असं म्हटलं, खासगी क्लासेस मात्र येतात. त्यामुळे क्लासच्या फीसाठी जिल्हा आयोग चांगला: पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. कॉलेजसाठी आधी प्राचार्यांना लेखी अर्ज, मग कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर कोल्हापूरला. सोबत यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर नोंद करा.

तक्रार विद्यार्थ्याच्या नावाने करा, फी बापाने भरलेली असली तरी. ती यंत्रणा विद्यार्थ्यासाठीच आहे. नुसत्या पालकाच्या नावाने गेलेला अर्ज 'तुम्ही विद्यार्थी नाही' म्हणून अडकतो. रिट याचिकेपर्यंत जावं लागलंच तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, सातारा-सांगलीकरांना मुंबई गाठायची गरज राहिली नाही. आणि घरातल्या घरात वाद असेल तर दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीसाठी जा. कोर्टात वीस वेळा जाण्यापेक्षा ते बरं.

माणदेशी
मला एक मनापासून लिहायचंय. मूल अठराचं झालं की कागदावर ते सज्ञान, पण घरात अजून आपण परस्पर सह्या करतो, त्यांच्या नावाचा चेक आला तर 'इकडे दे' म्हणतो. पैसे आपले असले तरी तिला सांगून, तिची सही घेऊन घ्यावेत. फीची रक्कम, परतावा, कपात कशाची झाली, हे तिने स्वतः वाचावं. पुढे नोकरीचा करार वाचायची सवय इथूनच लागते.

तासगावकर
माणदेशी, शंभर टक्के सहमत. आणि मुलीच्या नावाचा चेक बापाच्या खात्यात भरताच येत नाही, त्यामुळे नाहीतरी विचारावंच लागणार.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. माझ्या उदाहरणापुरतं समजलं ते असं: कॉलेजने मुलीला चेक दिला हे योग्य, कारण रद्द करताना ती सज्ञान होती आणि वडिलांची लेखी सूचना नव्हती. बाप-लेकीत मात्र हेतू लिहिलेला नसल्याने प्रश्न मोकळा राहिला, आणि पुढच्या कॉलेजची फी भरायची असेल तर मुलीची बाजू वरचढ. म्हणजे फी भरतानाच एक ओळ लिहून ठेवायला हवी. ती ओळ कशी लिहायची? कोणी मसुदा देईल का?

लेजरबुक
फी भरताना पालकाने अर्जासोबत द्यायचं पत्र:

'माझी मुलगी / माझा मुलगा ______ हिच्या / याच्या ______ अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षाची फी रु. ______ मी माझ्या ______ बँकेतील खात्यातून दि. ______ रोजी भरली आहे. प्रवेश रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम याच खात्यात जमा करावी. खाते क्रमांक ______, आयएफएससी ______. यास विद्यार्थ्याची संमती आहे.'

खाली दोघांच्या सह्या. दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. रक्कम मुलीने ठेवायची असं ठरलं असेल तर तिचं खातं लिहायचं आणि 'या रकमेवर माझा हक्क राहणार नाही' हे पालकाने लिहायचं.

कोर्टरस्ता_मिरज
मसुदा चांगला आहे, दोन दुरुस्त्या. विद्यार्थी अठरापेक्षा लहान असेल तर 'संमती' ऐवजी 'नैसर्गिक पालक म्हणून मी' असं लिहा, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच पत्रावर तारखेसह विद्यार्थ्याची सही पुन्हा घ्या. दुसरं, 'वरील खात्यात रक्कम जमा झाल्यावर महाविद्यालयाची जबाबदारी पूर्ण होईल' हे वाक्य घाला. ते नसेल तर लेखापाल फाइल पुढे सरकवत नाही.

गोडोली_सातारा
अकरावीलाही हेच चालेल का? यूजीसी तिथे लागू नाही ना?

लेजरबुक
यूजीसी लागू नाही, टक्केवारीचा तो तक्ता तिथे धरू नका. पण पत्र चालेल. अकरावीची मुलं बहुतेक अज्ञानच असतात, त्यामुळे परतावा पालकाच्या खात्यावरच मागावा.